‘अजून तसंच आहे’ हे नकाशाला कोण सांगणार?

जूनचा दुसरा आठवडा, मालवणची जेटी. पाऊस भुरभुरत होता, समुद्र खवळलेला, आणि समोर सिंधुदुर्ग किल्ला धुरकट दिसत होता. एक कुटुंब पहाटे कोल्हापूरहून निघून फोंडा घाट उतरून आलं होतं. बरोबरच्या आजींना किल्ल्यातलं शिवराजेश्वराचं मंदिर बघायचं होतं. मुलाच्या हातात मोबाईल, आणि त्यावर किल्ल्याच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: ‘सुरू आहे’.

तिकिटाची खिडकी बंद होती. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकून ठेवलेल्या. शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले एक काका म्हणाले, “पावसात बोट खंय सुटता? सप्टेंबरात येवा.”

“पण मोबाईलवर तर सुरू दाखवतंय.”

“मगे त्या मोबाईलाकच सांगा किल्ल्यार नेऊक.”

मी चहाच्या टपरीवर उभा होतो. हसू आलं, पण त्या आजींचा चेहरा बघून ते गेलं. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे सवयीप्रमाणे डोक्यात प्रश्न आला: ही चूक नेमकी कुणाची? गंमत म्हणजे नकाशा अगदी खोटं बोलत नव्हता. किल्ला खरंच ‘सुरू’ होता. किल्ल्यात माणसं राहतात, तो पावसात कुठे जातो? बंद होती ती बोट. किल्ल्याची नोंद होती, पण किल्ल्यापर्यंत पोचायचं कसं आणि ते वर्षातले कोणते महिने शक्य आहे, याची नोंद कुणी केलीच नव्हती.

आज हेच नीट समजून घेऊ. तुमच्या फोनवर जी दुकानं, हॉटेलं, होमस्टे, बोटीच्या वेळा दिसतात, त्यातली बरीचशी माहिती लोकांनीच भरलेली असते. ती ताजी कशी राहते, किंवा खरं सांगायचं तर शिळी का होते?

वर्गणीचा नकाशा

गावात वर्गणी काढून गणपती बसवतात, तसंच हे आहे. एकट्या कंपनीला भारतातल्या प्रत्येक गल्लीत माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून ती तुम्हाला विचारते: हे दुकान अजून आहे का? किती वाजता उघडतं? फोटो टाकता का? गूगल मॅप्सवर ‘लोकल गाइड’ म्हणून पॉइंट मिळतात ते याचसाठी. दुसरीकडे ओपनस्ट्रीटमॅप आहे. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट या इंग्लंडमधल्या माणसानं तो सुरू केला. तिथे पॉइंट नाहीत, जाहिराती नाहीत. विकिपीडियासारखं कुणीही खातं उघडून नकाशात भर घालू शकतं, आणि तो डेटा कुणालाही फुकट वापरता येतो. तुमच्या फोनमधली कितीतरी ॲप पडद्यामागे हाच डेटा वापरतात.

गणपतीत आणि नकाशात फरक एकच. गणपतीचं विसर्जन ठरलेल्या दिवशी होतं. नकाशावरच्या नोंदीचं विसर्जन कुणीच करत नाही. पाच वर्षांपूर्वी तारकर्लीत सुरू झालेलं आणि दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं एखादं खानावळीचं घर नकाशावर अजून मासे तळत असतं.

याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. नवीन जागा सापडली की ती टाकायला मजा येते. फोटो काढायचा, नाव टाकायचं, ‘मी पहिला’ असं वाटतं. चूक सापडली तर निदान राग येतो, आणि रागात काही लोक दुरुस्ती करतात. पण तिसरी शक्यता बघा. तुम्ही गेलात, सगळं नकाशावर होतं तसंच निघालं, जेवलात, घरी आलात. अशा वेळी तुम्ही फोन काढून ‘होय, अजून तसंच आहे’ असं कधी नोंदवलंय? मी तरी वर्षानुवर्षं नोंदवलं नव्हतं. आणि नेमकी हीच माहिती सगळ्यात कमी मिळते.

आता कॉम्प्युटरच्या बाजूनं विचार करा. एका होमस्टेची नोंद तीन वर्षांत बदललेली नाही. याचे दोन अर्थ होतात. एक, सगळं बरोबर आहे म्हणून कुणी हात लावला नाही. दोन, तिथे कुणी फिरकलंच नाही. डेटाबेसमध्ये या दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात.

पत्त्यांच्या यंत्राकडून शिकण्यासारखं

लोकांनी भरलेली यादी ताजी ठेवायची धडपड बघायची तर मला सगळ्यात चांगलं उदाहरण सापडलं ते भलत्याच ठिकाणी: अमेरिकेतल्या कॅसिनोंमधल्या व्हिडिओ पोकरच्या याद्यांमध्ये. हा मालवणचा विषय नाही, मान्य. आपल्याकडून सीमेपलीकडे गोव्यात कॅसिनो आहेत, महाराष्ट्रात नाहीत, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं देशभर बंदी आणली. तुम्ही खेळावं म्हणून मी हे सांगत नाहीये. थोडं थांबा, मुद्दा डेटाचा आहे.

व्हिडिओ पोकर म्हणजे पडद्यावर पाच पत्ते येतात, तुम्ही हवे ते ठेवता, बाकीचे बदलता. कोणता डाव जुळला की किती पैसे परत, याचा तक्ता यंत्रावरच छापलेला असतो. ‘जॅक्स ऑर बेटर’ या सगळ्यात जुन्या प्रकारात फुल हाउसला लावलेल्या एका नाण्यामागे नऊ आणि फ्लशला सहा मिळत असतील तर त्याला ९/६ म्हणतात. अगदी बिनचूक खेळलं तर दीर्घकाळात ९९.५४ टक्के पैसे परत येतात. शेजारीच तसंच दिसणारं, त्याच रंगाचं यंत्र ८/५ चं असेल तर हा आकडा ९७.३० टक्क्यांवर येतो. म्हणजे दहा हजार रुपये फिरवले तर पहिल्यावर सरासरी ४६ रुपये जातात, दुसऱ्यावर २७०. जवळजवळ सहापट! (दोन्हीकडे जातातच, हे विसरू नका. नऊ आणि सहा असले म्हणून यंत्र काही धर्मशाळा होत नाही.)

फरक फक्त दोन आकड्यांचा, आणि कॅसिनोवाले तो तक्ता हवा तेव्हा बदलू शकतात. यंत्र तेच, जागा तीच, आकडे वेगळे. म्हणून तिथल्या खेळणाऱ्यांनी आपापसांत याद्या बनवल्या: कोणत्या कॅसिनोत, कोणता खेळ, कोणता तक्ता. व्हीपीफ्री नावाची अशी एक यादी त्या मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे. अशा यादीत ‘तिथे ९/६ आहे’ या वाक्याला तारखेशिवाय काडीची किंमत नाही. ‘मी काल पाहिलं’ आणि ‘मी २०१९ मध्ये पाहिलं’ या दोन वेगळ्या माहित्या आहेत. मुरलेला खेळाडू आधी तारीख बघतो, मग आकडा. आणि तिथे पोचल्यावर खिशाला हात घालायच्या आधी तक्ता स्वतः वाचतो.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणा. ‘बोटीचं तिकीट इतके रुपये’ असं कुठेतरी लिहिलेलं असतं. कधी? त्या वर्षी की चार हंगामांपूर्वी? आपण आधी आकडा बघतो आणि तारीख बघतच नाही. मग जेटीवर भांडतो, “नेटवर तर कमी लिहिलंय!” तिकीट फाडणाऱ्या माणसाचा त्यात काय दोष?

कोणती माहिती किती दिवस टिकते

बारावीला किरणोत्सारी पदार्थांचं अर्धायुष्य शिकला असाल. तीच कल्पना इथे वापरता येते. प्रत्येक माहितीचं एक अर्धायुष्य असतं, म्हणजे ज्या काळात अशा शंभर नोंदींपैकी पन्नास चुकीच्या होतात तो काळ.

समजा होमस्टेच्या दरांचं अर्धायुष्य एक वर्ष आहे. हा आकडा मी उदाहरणापुरता धरलाय. मग आज तपासलेल्या १०० दरांपैकी एका वर्षानं ५० बरोबर उरतील, दोन वर्षांनी २५, तीन वर्षांनी बारा-तेरा. म्हणजे तीन वर्षं जुना दर वाचणं आणि अंदाजानं एखादा दर ठोकणं यात फार फरक नाही.

पण किल्ल्याची जागा? सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. तो कुरटे बेटावर होता, आहे आणि राहील. त्याचे अक्षांश-रेखांश दर महिन्याला तपासायची गरज नाही. फोन नंबर मध्ये कुठेतरी बसतो. मालक तोच असेल तर नंबर सहसा टिकतो, पण घर चालवायला दुसऱ्याला दिलं की बदलतो.

कधी कधी जी गोष्ट वर्षानुवर्षं हलणार नाही असं वाटतं, तीच हलते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, जास्त उंच पुतळा उभा राहिला. दीड वर्षात तीन वेगवेगळ्या खऱ्या गोष्टी. मधल्या आठ-नऊ महिन्यांत मालवणला आलेल्या आणि बातम्या न वाचणाऱ्या माणसाला जुन्या फोटोंनी काय सांगितलं असेल याची कल्पना करा.

म्हणून चांगल्या पद्धतीत एका जागेच्या पूर्ण नोंदीला एकच तारीख चालत नाही. प्रत्येक रकान्याला वेगळी तारीख लागते. जागा कधी तपासली, वेळ कधी, दर कधी, फोन कधी. इथेच बहुतेक साइट घोळ घालतात. कुणीतरी काल एक फोटो चढवला की पूर्ण पान ‘नुकतंच अपडेट झालं’ असं दिसतं, आणि चार वर्षांपूर्वीचा दर त्या नव्या तारखेखाली ताजा होऊन बसतो. फ्रीजमधल्या जुन्या कालवणावर आजची कोथिंबीर भुरभुरावी, तसं.

कोकणात यात आणखी एक गाठ आहे, ऋतूची. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी ‘सुरू’ किंवा ‘बंद’ नसतात, त्या ‘हंगामात सुरू’ असतात. किल्ल्याची प्रवासी वाहतूक, स्नॉर्कलिंग, पॅरासेलिंग साधारण मेअखेरीस थांबतं आणि ऑगस्ट संपल्यावर, समुद्र कसा आहे ते बघून, परत सुरू होतं. मासेमारीही पावसाळ्यात बंद असते, त्यामुळे खानावळीच्या ताटातला मासासुद्धा बदलतो. कोकण रेल्वेचं तर पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रकच असतं. गाड्यांचा वेग कमी करतात, त्यामुळे कुडाळला तीच गाडी वेगळ्या वेळेला येते. हे वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. म्हणजे ऋतूचा नियम लिहून ठेवला तरी भागत नाही, तो नियमही अधूनमधून तपासावा लागतो.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उघडण्याच्या वेळेच्या टॅगमध्ये महिने लिहायची सोय आहे. जेटीच्या नोंदीवर तेवढं लिहिलेलं असतं आणि ॲपनं ते वाचलं असतं, तर त्या आजींना कोल्हापुरातच कळलं असतं.

खूप जण म्हणतात म्हणून खरं?

आता तुम्ही म्हणाल, एका माणसाची चूक होईल, पण दहा जणांना विचारलं तर? बरोबर आहे, आणि गणितानंही ते दाखवता येतं. समजा प्रत्येक माणूस पाचपैकी एकदा चुकतो, म्हणजे २० टक्के. तीन जणांना विचारून बहुमत घेतलं तर चुकायची शक्यता सुमारे १० टक्क्यांवर येते. पाच जणांना विचारलं तर ६ टक्क्यांच्या आत.

पण या हिशोबात दोन अटी लपलेल्या आहेत. पहिली, माणसं एकमेकांची कॉपी करत नसावीत. एका प्रवासी ब्लॉगवर चुकीचा दर छापला, तो वाचून पाच जणांनी पाच साइटवर टाकला, तर ती पाच मतं नाहीत, ते एकच मत पाच शर्ट घालून आलंय. म्हणून ‘कुठून कळलं’ हा रकाना महत्त्वाचा. ‘स्वतः गेलो होतो’ आणि ‘नेटवर वाचलं’ यांना सारखं वजन देता येत नाही. तिकीट खिडकीवरच्या फलकाचा फोटो असेल तर उत्तमच.

दुसरी अट जास्त फसवी आहे. मधल्या काळात सत्य बदललेलं नसावं. चाळीस जणांनी चार वर्षांत जुना दर सांगितला आणि काल एकीनं नवा सांगितला, तर बहुमत जुन्याच्या बाजूनं आहे. आणि बहुमत चूक आहे. कालची एकटीच बरोबर. रेटिंगचंही तेच होतं. एखाद्या होमस्टेला ४.६ तारे दिसतात, पण त्यातली बहुतेक मतं जुन्या मालकाच्या हातच्या सोलकढीला पडलेली असतात. आता तिथे स्वयंपाकी वेगळा, सोलकढी पाकिटातली. म्हणून मी कुठेही जायच्या आधी रिव्ह्यू ‘नवीन आधी’ असे लावून घेतो आणि वरचे पाच-सहाच वाचतो. एवढी एक सवय लावून घेतलीत तरी तुमचे बरेच पैसे वाचतील.

उलट बाजूही बघायला हवी. ताज्या मताला जास्त वजन दिलं की खोडसाळ माणसाचं काम सोपं होतं, कारण शेवटचं मत नेहमी त्याला टाकता येतं.

मुद्दाम केलेली चूक

खोडसाळपणा म्हणजे नुसती गंमत नसते. गूगलनं लोकांना नकाशा काढू देणारं ‘मॅप मेकर’ २००८ मध्ये सुरू केलं होतं आणि भारतात ते जोरात वापरलं गेलं. २०१५ मध्ये कुणीतरी पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळ नकाशावर अँड्रॉइडचा रोबो ॲपलच्या लोगोवर लघवी करतोय असं चित्र काढून ठेवलं. ते जगभर फिरलं, कंपनीला संपादन काही काळ बंद करावं लागलं, आणि २०१७ मध्ये मॅप मेकर कायमचं बंद झालं. ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट.

हसण्यावारी न नेण्यासारखी महाराष्ट्रातलीच आहे. २०१८ मध्ये नकाशावरच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखांच्या नोंदीत भामट्यांनी ‘बदल सुचवा’ची सोय वापरून फोन नंबर बदलले. ग्राहक बँक समजून त्या नंबरावर बोलले, कार्डाचे तपशील दिले, आणि पैसे गेले. महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी आल्या तेव्हा हे उघड झालं. तेव्हापासून माझा नियम: बँकेचा नंबर नकाशावरून कधीच घ्यायचा नाही, पासबुक किंवा कार्डामागे असतो तोच घ्यायचा. होमस्टेचं बुकिंगही तसंच. नकाशावर मिळालेल्या नंबरावर कुणी लगेच पूर्ण पैसे आधी मागत असेल तर थांबा. आजच्या तारखेचा एखादा खोलीचा किंवा अंगणाचा फोटो मागा, व्हिडिओ कॉल करा. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरावर लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

आणि रस्त्याच्या बाबतीत तर जिवावर बेतू शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशा बघत निघालेली एक गाडी रामगंगा नदीवरच्या तुटलेल्या पुलावरून खाली पडली आणि तिघांचा जीव गेला. पुलाचा पुढचा भाग पुरानं वाहून गेला होता, नकाशाला ते माहीत नव्हतं.

आमच्या घरातली गोष्ट एवढी मोठी नाही, पण मला या विषयात ओढलं ते तिनंच. माझ्या आत्याचं देवबागला चार खोल्यांचं होमस्टे आहे. एका दिवाळीत बुकिंग एकदम थंडावलं. शेजारच्यांकडे खोल्या भरलेल्या, हिच्याकडे फोनच नाही. आत्या म्हणाली, “अरे, लोकांना आपलं जेवण आवडेनासं झालं की काय?” मी पुण्यात बसून नकाशा उघडला. तिच्या घराच्या नावाखाली लाल अक्षरांत ‘कायमचं बंद’. कुणी केलं ते आजही माहीत नाही. स्पर्धकानं केलं असेल, किंवा पावसाळ्यात येऊन कुलूप बघून गेलेल्या एखाद्या भल्या माणसानं प्रामाणिकपणे केलं असेल. मला दुसरं जास्त खरं वाटतं. पावसाळ्यात ती खरंच बंद ठेवते. ‘कायमचं’ आणि ‘चार महिने’ यातला फरक त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

दुरुस्ती करायला दोन मिनिटं लागली, पण ती दिसायला बरेच दिवस. तोवर दिवाळीची गर्दी गोव्याकडे निघून गेली होती.

मग फोन हातात घेऊन काय करायचं

तुमच्या घरात कुणाचं होमस्टे, खानावळ, बोट किंवा दुकान असेल तर आधी त्या नोंदीचा ताबा घ्या. गूगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट आहे, मालक म्हणून पडताळणी करावी लागते. पावसाळ्यात बंद ठेवत असाल तर ‘तात्पुरतं बंद’ लावा आणि सप्टेंबरात काढायची आठवण फोनमध्ये लावून ठेवा. ती आठवण महत्त्वाची. नाहीतर तुम्हीच टाकलेली खरी माहिती ऑक्टोबरात तुमच्याच पोटावर पाय देते.

तुम्ही फक्त फिरायला जाणारे असाल तर अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप टाकून बघा. मला ते फार आवडतं, कारण ते नेमका आपला प्रश्न ओळखून बनवलंय. तुम्ही चालत असता, जवळच्या जागेवर एक खूण दिसते, तिच्यावर बोट ठेवलं की साधा प्रश्न येतो: हे दुकान किती वाजता उघडतं? या रस्त्यावर डांबर आहे का? तुम्ही उत्तर देता, ते ओपनस्ट्रीटमॅपवर जातं. आणि पुरेसा काळ लोटला की ते जुनाच प्रश्न पुन्हा विचारतं: या वेळा अजून त्याच आहेत का? तुम्ही ‘हो’ म्हणालात तर माहिती बदलत नाही, पण तिच्याशेजारी तपासल्याची आजची तारीख लागते. तीन वर्षं कुणी न शिवलेली नोंद आणि कालच कुणीतरी डोळ्यांनी बघून आलेली नोंद यांत आता फरक दिसतो. आयफोनवाल्यांसाठी एव्हरी डोअर आहे, ते दुकानांच्या नोंदी तपासायला आणखी सोयीचं. एकच पथ्य: गूगल मॅप्समधून बघून ओपनस्ट्रीटमॅपमध्ये उतरवायचं नाही. परवान्यानं ते चालत नाही, आणि शिवाय ती कॉपीच झाली, पाहणी नव्हे.

मराठी वाचकांसाठी एक काम तर राखीवच आहे, गावांच्या नावांचं. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्रानं देवनागरी केलं की ल आणि ळ यांची सरमिसळ होते. मालवणजवळचं कोळंब ‘कोलंब’ होतं, तळाशीलचं ‘तलाशील’. देवबागचं इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारे लिहितात, त्यामुळे एकाच घराच्या दोन नोंदी तयार होतात, एक अपडेट होते, दुसरी तशीच सडत राहते. बंगळुरूत किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्या इंजिनिअरला तो ळ ऐकू येत नाही. तुम्हाला येतो.

आणि काही गोष्टी टाकू नका. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कासवाचं घरटं दिसलं तर त्याची अचूक जागा नकाशावर किंवा रीलमध्ये देऊ नका, वनखात्याच्या किंवा गावातल्या कासवमित्रांच्या कानावर घाला. निसर्गनोंदींचं आयनॅचरलिस्ट ॲप धोक्यातल्या प्रजातींची जागा लोकांना दाखवताना मुद्दाम धूसर करतं, ते याचमुळे.

जेटीच्या नोंदीचं सांगायचं राहिलं. त्या जूनमध्ये पुण्याला परत जाताना एसटीत बसून मी ओपनस्ट्रीटमॅपवर प्रवासी बोटीच्या नोंदीत महिने घातले आणि तपासल्याची तारीख टाकली. दर मात्र टाकला नाही, कारण खिडकी बंद होती आणि मी स्वतः बघितला नव्हता. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चुलतभावाला सांगितलं, जाता-येता जेटीवर डोकाव. त्यानं फलकाचा फोटो पाठवला, आणि खाली लिहिलं, “बोट सुटली. आजी येतंली काय बघ.”